डेटिंग ॲप आणि आपली खासगी माहिती : नव्या मध्यस्थाची ओळख

विवाहयोग्य वयाच्या मुलामुलींची ओळख कोणी करून द्यावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. पूर्वी हे काम आत्या, मावशी, धर्मग्रामातील एखादी वडीलधारी व्यक्ती किंवा दोन्ही घरांचा परिचित मध्यस्थ करीत असे. पुढे वधूवर सूचक मंडळे आली, नियतकालिकांतील जाहिराती आल्या, विवाहविषयक संकेतस्थळे आली आणि त्यानंतर मोबाईलवरील डेटिंग ॲप आली. शिक्षण व नोकरीनिमित्त घरापासून दूर राहणारे अनेक तरुण-तरुणी आज त्यांचा वापर करतात. त्यांतील काहींना तेथे आयुष्याचा जोडीदार लाभतो, हेही नाकारता येणार नाही.

या बदलात मध्यस्थ बदलला, ही गोष्ट मात्र आपल्या फारशी लक्षात आलेली नाही. जुन्या मध्यस्थाला दोन्ही घरे ओळखत होती. विश्वासाने सांगितलेले त्याने चार ठिकाणी बोलून दाखवले, तर त्याला पुन्हा कोणी उंबरठ्यावर उभे करीत नसे. नवा मध्यस्थ ही एक कंपनी आहे. तो आपल्याविषयी कोणत्याही आत्या-मावशीपेक्षा अधिक जाणतो, काहीही विसरत नाही, आणि ऐकलेल्या गोष्टींपैकी काही तो इतरांस देतो. या मध्यस्थाच्या हाती आपण नेमके काय सोपवतो, ते पुढे कोठे जाते, त्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण व आपल्या देशाचा कायदा काय सांगतो, आणि आपण कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

ॲप कोणती माहिती गोळा करते?

नाव, वय, छायाचित्रे, शिक्षण, व्यवसाय, धर्म व आवडीनिवडी ही माहिती आपण स्वतःहून भरतो. तिची आपल्याला जाणीव असते. परंतु याशिवाय बरीच माहिती आपल्या नकळत जमा होत असते : आपण कोठे आहोत, कोणत्या वेळी ॲप उघडतो, कोणाच्या छायाचित्रावर किती वेळ थांबतो, कोणाला नाकारतो, कोणाशी काय बोलतो, आपला मोबाईल कोणत्या कंपनीचा आहे. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक दिलेला असतो. तोही ॲपला मिळू शकतो.

२०१७ साली फ्रान्समधील एका महिला पत्रकाराने युरोपीय कायद्याचा आधार घेऊन टिंडर या कंपनीकडे स्वतःविषयीची सर्व माहिती मागितली. तिला सुमारे ८०० पृष्ठे मिळाली. काही वर्षांपूर्वीचे संवाद, ते कोठे व केव्हा झाले याच्या नोंदी, समाजमाध्यमांवरील आवडी, सारे त्यात होते. यातील बरेचसे ती स्वतः विसरून गेली होती.

मोझिला फाउंडेशन या संस्थेने २०२४ साली २५ डेटिंग ॲपच्या गोपनीयता धोरणांची तपासणी केली. त्यांपैकी २२ ॲपना तिने सावधानतेचा इशारा देणारा शेरा दिला. बहुतेक ॲप वापरकर्त्यांची माहिती जाहिरातींसाठी इतरांना देऊ किंवा विकू शकतात, असे या तपासणीत आढळले.

ही माहिती जाते कोठे?

तिला मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट जाहिरातींची. बहुसंख्य विनामूल्य ॲपमध्ये जाहिरात कंपन्यांचे संगणकीय घटक बसवलेले असतात. आपण ॲप उघडले की आपला जाहिरात क्रमांक, ठिकाण व वय अशी माहिती त्यांच्यामार्फत अनेक कंपन्यांपर्यंत पोहोचू शकते. तेथून ती माहितीच्या दलालांकडे जाते. व्यक्तींविषयीची माहिती विकत घेणे व विकणे हाच त्यांचा व्यवसाय असतो. आपण दिलेली माहिती ‘निनावी’ आहे, असे आपल्याला सांगितले जाते. परंतु एखादा मोबाईल रोज रात्री कोणत्या घरी असतो आणि दिवसा कोणत्या कार्यालयात असतो, एवढे कळले की मालकाचे नाव शोधून काढणे कठीण राहत नाही.

दुसरी वाट चोरीची. जेथे माहितीचा साठा असतो, तेथे चोराचे लक्ष असते.

तिसरी वाट आपल्यासारख्याच वापरकर्त्यांची. पलीकडील व्यक्ती आपल्या संवादाचा स्क्रीनशॉट घेऊ शकते, छायाचित्र जतन करू शकते, आपण दाखवलेल्या अंतरावरून आपले ठिकाण हुडकू शकते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील कॅथोलिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली १५ ॲप तपासली. बंबल व हिंज यांच्यासह सहा ॲपमधून वापरकर्त्याचे जवळजवळ नेमके ठिकाण काढता येत होते. ‘तुमच्यापासून इतक्या किलोमीटरवर’ एवढेच ॲप सांगते. पण तीन वेगवेगळ्या जागांवरून अंतर मोजले, की जमीन मोजणीदार जसा बिंदू ठरवतो, तसे माणसाचे ठिकाण ठरवता येते. संशोधकांनी कळवल्यानंतर कंपन्यांनी या त्रुटी दूर केल्या. तथापि, पाठलागाची भीती असलेल्या एखाद्या तरुणीच्या दृष्टीने तोपर्यंतचा काळ किती धोक्याचा होता, याची कल्पना करता येईल.

काही घडलेल्या घटना

२०१५ च्या जुलै महिन्यात ॲशली मॅडिसन या संकेतस्थळावरील माहिती चोरीस गेली. विवाहितांना विवाहबाह्य संबंध जुळवून देणारे हे संकेतस्थळ होते आणि आपले ३ कोटी ७० लाख सदस्य असल्याचा त्याचा दावा होता. ऑगस्टमध्ये ही माहिती सर्वांना पाहता येईल अशी उघड करण्यात आली. नोंद पूर्ण पुसण्यासाठी ज्यांनी १९ डॉलर भरले होते, त्यांचीही माहिती कंपनीने जपून ठेवली होती, हे पुढे उघडकीस आले. धमकीची पत्रे गेली, संसार मोडले. यादीत नाव आल्यानंतर अमेरिकेतील एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने आपले जीवन संपवले. त्याच्या पश्चात पत्नी व मुले होती. पापाला क्षमा आहे, हे ज्याने इतरांना सांगितले, त्याला स्वतःसाठी ती वाट दिसू नये, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

२०१८ साली ग्राइंडर हे समलिंगी व्यक्तींमध्ये प्रचलित असलेले ॲप आपल्या सदस्यांची एचआयव्हीविषयक माहिती बाहेरील दोन कंपन्यांना पुरवत असल्याचे नॉर्वेतील संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर कंपनीने हा प्रकार थांबवला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये, योग्य संमतीविना वापरकर्त्यांचे ठिकाण व इतर माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल, नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने या कंपनीला साडेसहा कोटी क्रोनर दंड केला. एखादी व्यक्ती त्या ॲपवर आहे एवढे कळणे, हीच तिच्या खासगी जीवनाविषयीची अत्यंत संवेदनशील माहिती आहे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘टी’ या ॲपमधून सुमारे ७२,००० छायाचित्रे बाहेर पडली. डेटिंग करताना भेटणाऱ्या पुरुषांविषयी स्त्रियांनी एकमेकींना सावध करावे, हा या ॲपचा उद्देश होता. फुटलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे १३,००० ही ओळख पटवण्यासाठी स्त्रियांनी दिलेली स्वतःची छायाचित्रे व ओळखपत्रांच्या प्रती होत्या. सुरक्षिततेसाठी दिलेली कागदपत्रेच असुरक्षिततेचे कारण ठरली.

ख्रिस्तसभेच्या अंगणात

ही सारी दूरच्या लोकांची प्रकरणे आहेत, असे कोणाला वाटू शकेल. म्हणून एक घटना येथे सविस्तर नमूद करणे आवश्यक वाटते.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका कॅथोलिक वृत्तपत्रिकेने बाजारात विकत मिळणाऱ्या मोबाईल माहितीचा उपयोग करून एका धर्मगुरूंचा माग काढला. ते त्या वेळी अमेरिकेच्या कॅथोलिक बिशप परिषदेचे सरचिटणीस होते. त्या माहितीत कोणाचेही नाव नव्हते. परंतु त्यातील एक मोबाईल त्यांच्या निवासस्थानी व कार्यालयात वारंवार दिसत असल्यावरून तो त्यांचाच असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. तो मोबाईल ग्राइंडर वापरत होता, असे वृत्त प्रसिद्ध होण्याच्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला. २०२२ साली त्यांच्या बिशपांनी त्यांना पुन्हा धर्मग्रामाची सेवा सोपवली. २०२४ साली त्यांनी त्या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. दरम्यान, डेन्व्हर येथील एका कॅथोलिक गटाने धर्मगुरूंचा शोध घेण्यासाठी डेटिंग ॲपची माहिती विकत घेतली, त्यावर किमान ४० लाख डॉलर खर्च केले आणि निष्कर्ष काही बिशपांपर्यंत पोहोचवले, असे वृत्त मार्च २०२३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने दिले.

धर्मगुरूने दिलेले ब्रह्मचर्याचे वचन ही किरकोळ बाब नव्हे. त्याचा भंग झाल्यास ख्रिस्तसभेने त्याची दखल घेतलीच पाहिजे, आणि जेथे अल्पवयीन किंवा दुर्बल व्यक्तींवर अन्याय झाला असेल, तेथे गप्प बसणे हाच अपराध ठरतो. परंतु बाजारातून माणसाच्या हालचालींची यादी विकत आणून त्याच्या सदसद्विवेकाच्या दारात उभे राहणे, ही ख्रिस्तसभेची रीत होऊ शकत नाही. आज जे एका धर्मगुरूविषयी करता येते, ते उद्या कोणत्याही प्रापंचिकाविषयी करता येईल. ज्याच्याकडे पैसा आहे, तो शेजाऱ्याच्या मुलीची माहितीही विकत घेऊ शकेल.

ख्रिस्तसभेची शिकवण

खासगीपण म्हणजे पाप लपवण्याची जागा, असा एक समज आपल्यामध्ये आढळतो. ख्रिस्तसभा असे मानत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात, अन्न, वस्त्र, निवारा व सुकीर्ती यांच्या बरोबरीने खासगी जीवनाच्या संरक्षणाचा हक्क मानवाच्या मूलभूत हक्कांमध्ये गणलेला आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील २२० वे कलम दोन गोष्टींना मनाई करते : कोणाच्याही सुकीर्तीस अन्यायाने बाधा आणणे आणि स्वतःचे खासगी जीवन जपण्याच्या कोणाच्याही हक्काचा भंग करणे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ याहून पुढे जातो. सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे खरे दोषही तिऱ्हाइतांना सांगणे हे पाप आहे, असे तो सांगतो. ‘पण ते खरेच आहे’ हे आपले नेहमीचे समर्थन येथे अपुरे पडते.

पवित्र शास्त्रात याचे फार सुंदर उदाहरण आहे. मरिया गरोदर आहे हे कळले, तेव्हा योसेफाला देवदूताचा संदेश मिळालेला नव्हता. त्याच्यासमोर जे दिसत होते, तेवढेच होते. तरीही तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गुपचूप दूर होण्याचे मनात आणले. मत्तय या कारणासाठीच त्याला नीतिमान म्हणतो. हाती स्क्रीनशॉट असलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने योसेफाची ही शांतता आठवावी.

विवाहाच्या बाबतीत तर ख्रिस्तसभेने जाहीर काय असावे व गुप्त काय असावे, याचा तोल शतकानुशतके सांभाळला आहे. विवाह ठरला, की त्याची घोषणा चर्चमध्ये सर्वांसमक्ष होते, कारण विवाह हा समाजाचाही विषय आहे. मात्र पापनिवेदनात सांगितलेला एक शब्दही धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव उघड करू शकत नाही. डेटिंग ॲप हा तोल उलटा करते : ओळख व नाते समाजापासून लपलेले राहते, आणि मनातील गुज कंपनीच्या कोठारात जमा होते.

भारतीय कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. आपली माहिती मागणे, दुरुस्त करून घेणे, पुसून टाकण्यास सांगणे व दिलेली संमती मागे घेणे, हे अधिकार या कायद्यात आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्याच्या दोन मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. व्यक्तीने स्वतःच सर्वांसाठी खुली केलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. तसेच एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापरही त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे नातेवाइकांच्या गटात फिरणाऱ्या स्क्रीनशॉटपासून हा कायदा आपले रक्षण करीलच, असे नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच कामी येते. मात्र संमतीविना खासगी अंगाचे चित्र घेणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे. धमकावून पैसे उकळणे व स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग करणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत.

तरुण-तरुणींनी घ्यावयाची दक्षता

१. ॲपसाठी वेगळा ई-मेल पत्ता वापरावा. समाजमाध्यमाच्या खात्याद्वारे प्रवेश करू नये.

२. आडनाव, कामाचे ठिकाण, धर्मग्रामाचे नाव व घराचा परिसर प्रथमदर्शनी देऊ नये. आपल्या समाजात आडनाव आणि गाव एवढ्यावरून घर सापडते.

३. फेसबुक वा इन्स्टाग्रामवरील छायाचित्रच ॲपवर लावू नये. छायाचित्रावरून शोध घेतल्यास खरे नाव उघड होते. चर्च, शाळेचा गणवेश, वाहनाचा क्रमांक किंवा घराचा दर्शनी भाग छायाचित्रात दिसू देऊ नये.

४. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवावी व अचूक ठिकाण बंद करावे. संपर्क यादीची परवानगी नाकारावी. जाहिरात क्रमांक पुसण्याची अथवा ॲपला माग काढू न देण्याची सोय वापरावी.

५. आधार पत्र, पारपत्र, बँकेचा तपशील व ओटीपी कोणासही देऊ नये. भेट न झालेली व्यक्ती पैसे किंवा गुंतवणूक हा विषय काढू लागली, तर तेथेच थांबावे.

६. जे छायाचित्र गावाच्या चौकात लागलेले आपल्याला सोसणार नाही, ते कोणालाही पाठवू नये, मग विश्वास कितीही असो.

७. पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी घ्यावी आणि घरातील किंवा मैत्रीतील एका व्यक्तीला त्याची कल्पना द्यावी.

८. ॲप नको झाल्यास प्रथम खाते पुसावे, मगच ॲप काढावे. नुसते ॲप काढल्याने माहिती कंपनीकडे तशीच राहते.

पालकांसाठी व धर्मग्रामांसाठी

पालकांनी मुलांचे मोबाईल चोरून तपासण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे. ज्या घरात विचारपूस होते पण चौकशी होत नाही, त्या घरातील मुले अडचणीत सापडल्यावर प्रथम घरीच येतात. अठरा वर्षांखालील मुलांना मात्र डेटिंग ॲपवर स्थान नाही, हे स्पष्ट सांगावे.

माहिती जपण्याचा नियम आपल्या संस्थांनाही लागू आहे. मुलामुलींचे परिचयपत्रक जन्मतारीख, पगार, पत्ता व मोबाईल क्रमांकासह व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटांवर टाकण्याची प्रथा आपल्याकडे रूढ होत आहे. एकदा पाठवलेले असे पत्रक परत बोलावता येत नाही. विवाह जुळल्यानंतरही ते अनोळखी हातांत फिरत राहते. वधूवर सूचक मंडळांनी संबंधितांची लेखी संमती घ्यावी, पत्ता व क्रमांक दोन्ही बाजूंची पसंती झाल्यावरच द्यावा आणि काम संपल्यावर नोंद नष्ट करावी. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात भरून घेतलेले अर्ज, समुपदेशनाच्या नोंदी व दाखले कुलूपबंद असावेत. भावी वधूवरांनी एकमेकांचे मोबाईल, पासवर्ड व पूर्वायुष्य यांविषयी कसे वागावे, हाही त्या शिबिरांचा एक विषय असावा.

फसवणूक झाल्यास

सध्या आढळणारा एक प्रकार असा : ॲपवर ओळख होते, संभाषण लवकरच व्हॉट्सॲपवर नेले जाते, व्हिडिओ कॉल येतो, तो चोरून चित्रित केला जातो आणि मग तो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागितले जातात. अशा वेळी पैसे देऊ नयेत. एकदा दिल्यावर मागणी वाढते. संवाद, क्रमांक व व्यवहाराच्या नोंदी पुसू नयेत. त्या जतन करून मगच त्या व्यक्तीला ब्लॉक करावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर अथवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. प्रौढ व्यक्तींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही विनामूल्य सेवाही आहे. तिच्याद्वारे चित्र मोबाईलबाहेर न पाठवता त्याची डिजिटल खूण तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमांना ते चित्र रोखण्यास मदत होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, एकट्याने सोसू नये. आईवडील, विश्वासू मित्र, धर्मभगिनी किंवा आपले धर्मगुरू यांपैकी एकाजवळ मन मोकळे करावे. जो सांगायला येतो, त्याला आधी धीर द्यावा. ‘तू तेथे गेलासच कशाला?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये.

धमकावणाऱ्याचे सारे बळ आपल्या समाजाच्या जिभेवर उभे असते. उघड झालेली गोष्ट पुढे पाठवणारे कोणी उरले नाही, तर त्याच्या हातातील चित्राला किंमत राहत नाही. कंपन्यांना शिस्त लावणे हे शासनाचे व न्यायालयांचे काम आहे. आपल्या मोबाईलवर आलेले दुसऱ्याचे गुपित तेथेच थांबवणे हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे. मरियेची अब्रू जपणारा संत योसेफ आपल्या कुटुंबांचा कैवारी आहे. त्याच्या मध्यस्थीने आपल्या तरुणांना सुज्ञपणा आणि आपल्या धर्मग्रामांना मौनाची कृपा लाभो, हीच प्रार्थना.